सिद्ध्यास पत्र : सही अजून केलेली नाही

सोलापूर,
संक्रांत होऊन गेली

प्रिय सिद्ध्या,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढं वाच. दिवाळीत तुझे फोन आले, मी एकही परत केला नाही. तब्येत बरी. उजवा कान अधूनमधून शिट्टी वाजवतो, तेवढंच. सुटीवर आलोय. नंदीध्वज बघून झाले, गड्ड्याच्या जत्रेत पोरींना पाळण्यात बसवून झालं, खिसा रिकामा.

लिहितोय ते शोभेच्या दारूकामाच्या रात्रीमुळं. होम मैदानावरून घरी पोचतो न पोचतो तोच सीमेवरच्या आमच्या बीएसएफच्या पोस्टवरून फोन, नव्या रेडिओ ऑपरेटरचा. गस्तीची होडी धुक्यात गेलीय नि बराच वेळ तिचा आवाज नाही. "सर, स्क्रीन पे सब ग्रीन है," म्हणतो. टॉवर हिरवा, मायक्रोवेव्हची लिंक हिरवी, आवाज पुढं पोचवणारा रिपीटर हिरवा. फक्त होडी कुठाय ते कुणाला माहीत नाही.

2019 च्या मार्चमध्ये आसामात धुबरीला ती सगळी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा मीच तुझ्यापुढं छाती फुगवली होती. ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते तो 61 किलोमीटरचा पट्टा, जिथं कुंपण रोवायला जमीन जागेवर थांबत नाही, आज आहे तो चर, म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, पुढच्या पुराला गायब, तो आता कॅमेऱ्यात दिसणार! आणि तू काय म्हणालास? "मग तुझ्या कानाला कोण विचारतंय बे आता." केवढे भांडलो त्यावरून. आता सांगतो, तुझं अर्धं बरोबर होतं. डीएमआर, म्हणजे तो नवा डिजिटल रेडिओ, भारीच आहे. साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर दोन बोलणी, खरखर नावाला नाही. पण सिग्नल एका मर्यादेखाली गेला की आवाज बिघडत नाही, संपतो. जुना अॅनालॉग मरता मरता कण्हायचा तरी.

संपर्क तुटला की होडीनं जुन्या अॅनालॉग चॅनेलवर यायचं, हे ठरलेलं. पोरगा त्या चॅनेलवर बसलाही होता, पण स्क्वेल्च आवळून, म्हणजे खरखर नि तिच्यासोबत कमजोर आवाजही बंद करून. या पोरांना खरखर सोसत नाही. म्हटलं, मॉनिटरचं बटण दाबून धर, स्क्वेल्च उघडेल, आणि फोन स्पीकरला लाव. "सर, सिर्फ शोर है." मी गच्चीवर, डावा कान फोनला, खाली गल्लीत पोरांचे फटाके. त्या फसफसण्यात मला ऐकू आलं, "बालू में... इंजन..." परत तेच. वाळूत रुतले होते, वाळूच्या उंचवट्याआड, म्हणून रिपीटर सापडेना. दुसरी होडी गेली, माणसं परत आली. एवढंच घडलं.

तुला दादा आठवतात ना? कारखान्यात वीस माग धडधडत असताना कुणाशी तरी बोलता बोलता मान वळवायचे, आणि ज्या मागाकडं बघायचे त्याचाच धोटा अडखळलेला असायचा. त्या रात्री गच्चीवर मला तेच आठवलं. घरी हे कुणाला सांगू? ही म्हणाली, "सुटीवर पण ड्युटी? अर्जावर सही करा की आता."

अर्ज म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा. 2002 ची भरती आपली, वीस वर्षं केव्हाच झाली, पेन्शनसकट मोकळा होतो. हिनं टाईप करून टीव्हीखाली ठेवलाय. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका कंपनीला कॅमेऱ्यांच्या खोलीवर माणूस हवाय, पगार बरा, दुपारी जेवायला घरी. तिचं काय चूक आहे? आईचं शेवटचं सगळं तिनंच केलं, मी तेव्हा टॉवरच्या बॅटऱ्या नि अर्थिंग बघत होतो. थोरलीची दहावी आहे.

सही करायला बसतो आणि ते "बालू में" ऐकू येतं. मग वाटतं, माजलास का रे? धुकं विरल्यावर सकाळी ती होडी सापडलीच असती. मी नसेन तर सीमा काय उघडी पडणार आहे? पण सकाळपर्यंत त्या चौघांनी थंडीत काय करायचं? आणि राहिलो तरी हा कान किती दिवस साथ देणार? डॉक्टरला दाखवलं तर कागदावर येईल, म्हणून दाखवत नाही. हे हिला कळलं तर सही तीच करेल, माझ्या नावानं. पोरग्याला शिकवावं म्हटलं, तर खरखर ऐकायला शिकवायची कशी? तिगडीच्या सिग्नल स्कूलमध्ये आमच्याकडून मोर्स घोकून घेतला, हे कुणी शिकवलं नाही. रात्रपाळ्या करून करून आलं. कदाचित परत जाऊन रोज रात्री तासभर त्याचा स्क्वेल्च उघडा ठेवायला लावीन. शिव्या देईल.

आणि चौकात भेटेल तो विचारतो, "गोळी चालवली का बे कधी?" मी वायरी बघतो म्हटलं की त्याचा रस संपतो.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाली म्हणे, छान. मुंजीला यायला जमणार नाही, आत्ताच सांगतो, मागून तोंड वाकडं करू नकोस. शेंगाचटणी पाठवतोय, अर्धी तुझ्या सासुरवाडीला वाटू नकोस.

सुटी संपायच्या आत मला काहीतरी ठरवायचंय. तू सांग. फोन करू नकोस, ही शेजारीच असते. पत्र लिही, आणि कानाचा विषय त्यात काढू नकोस, पाकीट तीच फोडते.

तुझा,
मल्लू