तिसऱ्या मजल्यावरची खोली

डोंबिवली, ११ मे

ती. आई-बाबा,
सा. न.

रागवायचं ते आधीच रागावून घ्या. पावसात पाणी भरलं की तुम्हाला वर जाता यावं म्हणून आपल्याच चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मी जून ते सप्टेंबर भाड्याने घेतली आहे. आगाऊ भाडं देऊन झालंय. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "पैसे झाडाला लागतात का?" आणि आई म्हणाली असती, "आम्ही बसू हो माळ्यावर." माळ्याची शिडी चढायचं तुमचं वय नाही, आणि बंड्या पडला कुत्रा, त्याला शिडी येत नाही. मोतीच्या वेळचं मी पुन्हा काढत नाही. तुम्हालाही नको, मलाही नको.

माझ्याकडे या असं म्हणण्यात अर्थ नाही हे मला कळतं. डोंबिवली काही परदेश नाही, पण कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आलं की परदेशच. मी तिकडे पोचणार नाही, तुम्ही इकडे. म्हणून पाणी भरलं की लांब जायचं नाही, वर जायचं. आणि बंड्याला नि चिंगी मांजरीला सोडून तुम्ही उंबरा ओलांडणार नाही, हे धरूनच मी खोली घेतली. २००५ साली आपल्या २६ जुलैच्या पुरानंतर साधारण महिन्याभराने अमेरिकेत कतरिना वादळ आलं, तेव्हा कुत्र्या-मांजरांना बरोबर घेऊ देईनात म्हणून कितीतरी माणसं बुडत्या घरातच थांबली. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की लोकांना हलवण्याच्या योजनेत पाळीव प्राणीही धरायचे. तेव्हा हट्टी तुम्ही एकटेच नाही.

बाबा म्हणतील, आपल्या हिंदमाताला आता जमिनीखाली टाक्या बांधल्यात, पंप आहेत. आहेत. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतंही. पण आपला भाग बशीसारखा खोलगट आहे, आणि मोठ्या भरतीला समुद्र नाल्यांच्या तोंडापेक्षा वर चढतो. त्या वेळी कोसळलेलं पाणी समुद्रात जाणार कुठून? पंप जेवढं उपसतील तेवढंच. आणि "कुलाब्याला काहीच नाही" हे टीव्हीवर ऐकून निवांत बसू नका. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४.

तर नियम असा. साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी पालिका पावसाळ्याआधी काढते. ती मी मोठ्या अक्षरात छापून कॅलेंडरशेजारी लावेन. रेड अलर्ट आला, किंवा ऑरेंज अलर्ट आणि यादीतली भरती एकाच दिवशी आली, की सकाळचा चहा झाल्यावर वर जायचं. पाणी पहिल्या पायरीला लागायची वाट बघायची नाही. तोवर जिना ओला होतो, वीज घालवलेली असते, बंड्या बिथरतो आणि चिंगी पलंगाखालच्या ट्रंकेमागे बसते. तिथून तिला काढायला बाबा वाकणार, आणि मग त्यांच्या गुडघ्याचं मी बघायचं!

बंड्याला वर आपल्या चाळीतला पक्या नेईल, मी त्याच्याशी बोलले आहे. बाबांनी एक हात कठड्याला लावून रिकामं चढायचं, साखळी हातात घ्यायची नाही. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढलं की घाबरलेला कुत्रा मान मागे घेऊन पट्ट्यातून सुटतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस आणला आहे. दोन बोटं आत जातील इतपत घट्ट हवा. शिवाय जाळीचं मुसकं. आई, तोंड वाकडं करू नकोस. भेदरलेलं जनावर घरच्या माणसालाही चावतं, आणि जाळीच्या मुसक्यात त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. कापडाने तोंड बांधायची वेळ आली तर दोन-चार मिनिटांपुरतंच. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, जीभ बाहेर काढूनच तो अंग थंड करतो. आणि एक काळजावर कोरून ठेवा: तळमजल्यावर साखळीने बांधून "आलेच हं" म्हणून जायचं नाही. पाणी वाढलं की बांधलेल्या जनावराला पोहायलाही जागा नसते.

खरी परीक्षा चिंगीची आहे. तिचा प्लॅस्टिकचा पिंजरा माळ्यावरून आजच काढा. दार उघडं ठेवून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, आत आईची जुनी, न धुतलेली साडी घाला आणि आठवडाभर तिचं खाणं आतच द्या. नाहीतर पिंजरा दिसला की डॉक्टर आठवतो आणि ती पसार होते. न्यायच्या दिवशी आधी खोलीचं दार लावायचं, मग तिला उचलायचं. तोंडाकडून ढकललं की चारही पाय फाकवून अडते. पिंजरा दार वर येईल असा उभा करा आणि तिला शेपटीकडून आत सोडा. अगदीच हाती लागेना तर जाड उशीचा अभ्रा, तोंडाशी सैल गाठ मारून, फक्त जिना चढण्यापुरता. वर गेल्यावर दार आणि खिडकी लावल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही. तिसऱ्या मजल्याची गॅलरी आहे, मी गजांना जाळी बसवून घेतेय.

खोलीत काय ठेवलंय ते ऐका. बंड्या १४ किलोचा, त्याला दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. चिंगीला पाव लिटर. सात दिवसांचा हिशोब धरून त्या दोघांसाठी १० लिटरचा कॅन आहे, तुमचं पिण्याचं पाणी वेगळं. विकतच्या कोरड्या खाण्याचे दाणे बंड्याला २ किलो, चिंगीला अर्धा. ते मूळ पिशवीसकट डब्यात ठेवायचे. पावसाळी हवेत मोकळे दाणे सादळतात आणि बुरशी धरतात, आणि काही बुरशींचं विष यकृतावर जातं. कुबट वास आला तर फेकायचे, "वाया जातंय" म्हणून गच्चीवरच्या कावळ्यांनाही नाही. महिन्याने ते खाली वापरून नवे वर न्या. बंड्या भात-चिकनवर वाढलेला, एकदम दाणे दिले तर पोट बिघडेल. आत्तापासून रोज पाव वाटी मिसळा. चिंगीने मात्र दोन दिवस तोंड लावलं नाही तर मला लगेच फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि ते दुखणं जिवावर बेततं.

परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल एरवी चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी मधला रस्ताच पाण्याखाली असेल. म्हणून बंड्याची लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात पसरणाऱ्या तापाची, लस जूनआधी व्हायला हवी. ती वर्षाला घ्यावी लागते, मागच्या वर्षीची आता धरायची नाही. पुढच्या शनिवारी मी येतेय, तेव्हा उरकू. औषधांच्या डब्यात गॉज, सलाइनची बाटली आणि बीटाडिन आहे. बीटाडिन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. आई, तुझी क्रोसिनची पाव गोळी मात्र नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरतं, पाव गोळीचाही भरवसा नाही. लसीच्या पुस्तिकेची झेरॉक्स आणि तुम्ही चौघं एका फोटोत, असं प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराच्या खिळ्याला टांगलंय.

तुमची गैरसोय होणार नाही. आईची कमी उंचीची खुर्ची, बाबांचा रेडिओ आणि दोन्ही बाजूंनी टेकता येईल असा दिवाण वर गेलाय. संडासही मजल्यावरच आहे. चहाचं सामान मी दुप्पट ठेवलंय. पाऊस लागला की बाबा चहा मागत राहतात आणि आई "हा शेवटचा" म्हणत राहते, हे मी लहानपणापासून तिच्या पदराआडून ऐकत आलेय.

खाली उतरायची घाई नको. बाबा, पाव आणायला तर अजिबात जाऊ नका, गढुळलेल्या पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही. पाण्यातून जावंच लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून लेप्टोच्या गोळीचं विचारा, तुमच्या नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. आईच्या टाचांना भेगा आहेत, तिने पाण्यात पायच घालायचा नाही. बंड्या भिजला तर साबणाने पाय धुवून बोटांच्या मधलं कोरडं करा. नंतरच्या दोन आठवड्यांत तो उलट्या करू लागला, खाईना, हिरड्या पिवळट दिसल्या तर लेप्टोचा संशय धरायचा आणि त्याची शू उघड्या हाताने पुसायची नाही. घर साबणाने धुवा, वर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर चिंगीला सोडा. फिनेल नको, ती पंजे चाटते आणि फिनेल मांजराला पचत नाही. ब्लीचिंगमध्ये ॲसिड मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. मेन स्विच पक्याने बघितल्याशिवाय कोणी चालू करायचा नाही.

तोवर रोज संध्याकाळी बंड्याला दहा मिनिटं वर नेऊन तिथेच बिस्किट द्या, म्हणजे जिना त्याला खाऊचा वाटेल. एक चावी देवाच्या फळीवर हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलीय, दुसरी पक्याकडे. भाडं किती ते आईने विचारायचं नाही.

तुमची,
बेबी