चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प चंद्र-मंगळावर का नसावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षे भूशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी घरी येतात आणि आता त्यांची धाकटी भावंडेही येऊ लागली आहेत. गेल्या महिन्यात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आली आणि तिने विचारले, "मॅडम, मायक्रोबायॉलॉजी घेतलेल्या मुलीला ग्रहांच्या संशोधनात काही जागा असते का, की ते फक्त फिजिक्सवाल्यांचेच काम?" तिला जे उत्तर दिले ते थोडे विस्ताराने आपल्या वृत्तपत्रातून सर्वांपर्यंत पोहोचवावे आणि त्या निमित्ताने आपल्या विद्यापीठापुढे व महाविद्यालयांपुढे पदवीच्या चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाविषयी एक मागणी ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जागा असते, आणि ती आज निर्माण झालेली नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. दुसऱ्या वेळचे नमुने तपासण्याचे काम हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या पेशी व जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी केले. त्या नमुन्यांतून जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतील तीन जीवाणू विज्ञानाला सर्वस्वी नवे असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले आणि त्यांना ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो व आर्यभट यांची नावे देण्यात आली. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही आणि २००९ च्या घोषणेतही तसा दावा नव्हता. पण या प्रयोगात फुगा उंच नेण्याइतकेच महत्त्व होते ते जमिनीवरचा एकही जंतू नमुन्यात शिरू न देण्याला, आणि ही शिस्त आपल्या मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवली जाते.

अ‍ॅस्ट्रोबायॉलॉजी, म्हणजे खगोलजीवशास्त्र, या विषयाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. उडत्या तबकड्यांशी त्याचा काहीही संबंध नाही. जीव कोणत्या परिस्थितीत निर्माण होऊ शकतो, कोणत्या परिस्थितीत तग धरतो आणि नाहीसा झाल्यावर खडकात कोणती खूण ठेवून जातो, हे त्याचे प्रश्न आहेत. म्हणून त्यात माती, पाणी, क्षार आणि खडक यांचाच अभ्यास अधिक असतो. या दृष्टीने पाहिले तर सोलापूर जिल्हा ही एक उत्तम प्रयोगशाळा आहे. आपले काळे रान सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाची, झीज होऊन तयार झाले. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी ही माती ज्या स्मेक्टाइट गटातील खनिजांमुळे तशी वागते, त्याच गटातील खनिजे मंगळावर अनेक ठिकाणी आढळली आहेत. क्युरिऑसिटी या यानाने २०१३ मध्ये गेल विवरात खडकाला भोक पाडून जी भुकटी काढली तिच्यात ती सापडली, आणि तेथे एके काळी फारसे आम्ल नसलेले, जिवाला मानवेल असे पाणी होते या निष्कर्षाला त्यांचा मोठा आधार मिळाला. उसाला वर्षानुवर्षे पाणी देऊन ज्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यांत तग धरणारे जीवाणू वेगळे करण्याचे काम आपल्याकडील विद्यार्थी प्रकल्पासाठी करू शकतात. ते काम कृषी सूक्ष्मजीवशास्त्राचे मानले जाते, पण त्याच कामाचा दुसरा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही.

आणि आपल्याच राज्यात लोणार आहे. बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. आघाताच्या प्रचंड दाबाने फेल्डस्पार या खनिजाची न वितळताच काच होते. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. हा पदार्थ सर्वप्रथम ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली असल्याचे पुढे, विसाव्या शतकात, मानले जाऊ लागले. मॅस्केलिनाइट लोणारच्या खडकांतही सापडते. मंगळाचा तुकडा हाताळायला मिळणे दुर्मीळ आहे, पण लोणारच्या खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आपल्या कोणत्याही भूशास्त्र विभागाला शक्य आहे. त्याच सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी व खारट आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यात सापडले. बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या सुमारे १२१ ग्रॅम मातीत जीवसृष्टी प्रथिने बनवायला वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाली आणि शिवाय खारे पाणी आटून मागे राहणारे क्षारही मिळाले, हे जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना मला लोणारच्या काठावरचे पांढरे पापुद्रेच आठवले.

भूशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांची एकमेकांना किती गरज आहे, याचे ताजे उदाहरण मंगळावरचेच आहे. पर्सिव्हिअरन्स यानाने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात ठिपकेदार खडकाचा नमुना घेतला. त्या ठिपक्यांत लोहाचे फॉस्फेट आणि लोहाचे सल्फाइड असावे, असे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात म्हटले आहे. पृथ्वीवर अशी खनिजे पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात, पण जीव नसतानाही ती होऊ शकतात. यांतले काय घडले हे एकट्या भूशास्त्रज्ञाला सांगता येणार नाही आणि एकट्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञालाही नाही. आपल्या महाविद्यालयांत मात्र हे दोन विभाग एकाच मजल्यावर असूनही त्यांच्या विद्यार्थ्यांची तीन वर्षांत ओळखसुद्धा होत नाही.

आता प्रत्यक्ष संधींविषयी. आज वीस वर्षांचा असलेला विद्यार्थी पीएच.डी. करत असेल त्या सुमारास नासाचे युरोपा क्लिपर हे यान एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणार आहे आणि युरोपीय अंतराळ संस्थेचे 'ज्यूस' हे यान जुलै २०३१ मध्ये. शुक्रावर जाणाऱ्या आपल्या मोहिमेला आणि चंद्रावरची माती परत आणणाऱ्या चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ही माती आली की ती तपासणारी माणसे लागतील, आणि ती माणसे आज पदवीच्या वर्गात बसली आहेत. तोवर थांबण्याचीही गरज नाही. चांद्रयान-२ व चांद्रयान-३ ची माहिती इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळते. मंगळाच्या पृष्ठभागाचे नकाशे आणि वर्णपट पाहण्यासाठी अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाचे जेमार्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. साधा लॅपटॉप आणि बरे इंटरनेट असले तर विवरांची मोजणी, लाव्हाच्या थरांचे नकाशे, खनिजांची ओळख यांपैकी एखादे काम पदवीचा विद्यार्थी एका वर्षात नीट करू शकतो. मी स्वतः साठी ओलांडल्यावर हे शिकले, त्यामुळे ते अवघड नाही हे खात्रीने सांगते.

उन्हाळ्यातील फेलोशिपचे महत्त्व आपल्याकडे फार कमी जणांना कळले आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची फेलोशिप देतात आणि तीत विद्यार्थ्याला देशातील नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते. मानधन आणि रेल्वेभाडेही मिळते. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांचेही विद्यार्थ्यांसाठी उपक्रम असतात. अहमदाबादच्या संस्थेत ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि चांद्रयान-३ च्या रोव्हरने दक्षिण ध्रुवाजवळील मातीची जी रासायनिक तपासणी केली तीतले एक उपकरण याच संस्थेचे. या सर्वांचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यात भरावे लागतात. मे महिन्यात परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्याला त्या वर्षी काहीही मिळत नाही, आणि माझ्याकडे चौकशीला येणारी मुले बहुधा मे महिन्यातच येतात.

माझ्याच एका विद्यार्थिनीची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. ती शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराची मुलगी. घरी तेलुगू, शिक्षण मराठीतून. तिची निवड परगावच्या एका संस्थेत झाली होती. मानधन मंजूर होते, पण ते काम सुरू झाल्यावर मिळणार होते, आणि खोलीची अनामत, खानावळीचा पहिला महिना व प्रवास यांसाठी लागणारे बारा-तेरा हजार रुपये ठरलेल्या तारखेपर्यंत घरात जमले नाहीत. तिने नकार कळवला आणि आम्हा शिक्षकांना ते जूनमध्ये समजले. त्या वर्षी मी वर्गातच होते, रोज तिला पाहत होते, आणि तरीही विचारले नाही, याची खंत मला आजही आहे. म्हणून माझी पहिली विनंती माजी विद्यार्थी संघांना आहे: अशा निवड झालेल्या मुलांना मानधन येईपर्यंत वापरता येईल असा आगाऊ रकमेचा छोटा निधी प्रत्येक महाविद्यालयात असावा. पाच मुलांना पुरेल एवढी रक्कम उभी करणे या शहराला जड नाही.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खगोलजीवशास्त्रज्ञ म्हणून जाहिरात निघेल अशा नोकऱ्या भारतात नगण्य आहेत. म्हणून मूळ विषय सोडू नये. सीएसआयआर-नेट परीक्षेत भूशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेचे नावच पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रह विज्ञान असे आहे. जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकशास्त्र यांच्या मार्गानेही ग्रहविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पोहोचता येते. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. पीएच.डी. करूनही या क्षेत्रात जागा मिळाली नाही, तरी सुदूर संवेदन (उपग्रहांवरून घेतलेल्या माहितीचा अभ्यास), वर्णपटमिती किंवा जनुकीय विश्लेषण यांचे शिक्षण भूजल, शेती आणि औषधनिर्मिती यांत उपयोगी पडते. मात्र समाजमाध्यमांवर पैसे घेऊन दोन आठवड्यांत खगोलजीवशास्त्राचे प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून मुलांनी सावध राहावे. त्या प्रमाणपत्राने कोणत्याही संशोधन संस्थेचे दार उघडत नाही.

आता मागणी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने या वर्षाच्या प्रकल्पासाठी दोन वेगवेगळ्या विभागांचे संयुक्त मार्गदर्शक असण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्यावी आणि ग्रहविज्ञानाचे विषय मान्य यादीत घ्यावेत. इस्रो २०२३ पासून 'स्टार्ट' नावाचा प्रास्ताविक ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि त्यासाठी शिक्षणसंस्थांना केंद्र म्हणून नोंदणी करता येते. आपल्या शहरातील मोठ्या महाविद्यालयांनी तो अर्ज करावा. भूशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची वर्षातून एक क्षेत्रभेट लोणारला एकत्र जावी, वन विभागाची परवानगी रीतसर घेऊनच. तरुण प्राध्यापकांनाही आता केंद्राच्या अनुसंधान प्रतिष्ठानकडून सुरुवातीच्या काळातील संशोधनासाठी अनुदान मागता येते, तेव्हा मार्गदर्शकच नाही ही सबब फार काळ चालणार नाही.

फेलोशिपच्या तारखांचा तक्ता मी स्वतः तयार करून दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शहरातील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोहोचवणार आहे. प्राचार्यांनी तो फलकावर लावू द्यावा, एवढीच अपेक्षा. माझ्याकडे लोणारच्या खडकांचे चौदा पातळ छेद आहेत. ते पाहण्यासाठी ध्रुवण सूक्ष्मदर्शक आणि एक खोली जे महाविद्यालय उपलब्ध करून देईल, तेथे दर शनिवारी दुपारी येऊन कोणत्याही शाखेच्या मुलांना ते दाखवण्यास मी विनामूल्य तयार आहे. मायक्रोबायॉलॉजीची ती मुलगी पहिल्या शनिवारी येते म्हणाली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षिका, सोलापूर