नुसत्या पानावरून झाड ओळखू नका

महोदय,

पावसाळ्यात मुलांसोबत झाडे ओळखायची असतील, तर सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर जाण्याआधी आपल्या गल्लीपासूनच सुरुवात करावी. तेच झाड मग फुलताना, फळताना पुन्हा पाहता येते. मोबाइलमधील ॲपला एकाच पानाचा फोटो दाखवला, तर ते सहज चुकू शकते. पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला जुळते ती जागा आणि फूल किंवा फळ, एवढे फोटो हवेतच.

खरा घोळ होतो तो पान कशाला म्हणायचे इथे. देठ आणि फांदीच्या बेचक्यात बारीक अंकुर असतो. तिथून पुढचे सगळे मिळून एक पान. कडुनिंबाची सुटी पाती म्हणजे पर्णिका, तिच्या बुडाशी अंकुर सापडत नाही. हे मुलांना एकदा दाखवले की कडुनिंब आणि त्याच्यासारखेच दिसणारे बकाणाचे झाड लगेच वेगळे कळतात. कडुनिंबाच्या पर्णिका मधल्या दांड्यावरच बसतात, बकाणाच्या दांड्याला आधी उपदांड्या फुटतात. बकाणाची फुले जांभळट, फळे विषारी. लिंबोळ्या समजून ती कोणी चाखू नयेत.

पानाफुलांचा नमुना सुकवायला रद्दीत दाबून ठेवला, तर सुरुवातीचे चार दिवस कागद रोज बदलावा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते. फुलाचा रंग, वास आणि चीक यांची नोंद तिथेच करावी, कारण सुकल्यावर त्यातले फारसे काही उरत नाही. गाजरगवताला उघड्या हाताने शिवू नये, आणि रुईचा चीक डोळ्यांत मुळीच जाऊ देऊ नये.

– एक वनस्पतिप्रेमी वाचक, नागपूर