बालवाडीला खेटून उडणारी धूळ : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. उंच इमारतींभोवती 35 फुटी पत्रे, हिरवे कापड, पाण्याची फवारणी, फाटकावर ट्रकची चाके धुण्याची सोय. आज पूर्व उपनगरातल्या एका बालवाडीला खेटून काम चालू आहे. पत्रे डोक्याएवढे, कापड फाटलेले, चाके धुण्याचा खड्डा राडारोड्याने बुजलेला. फरशी कोरडीच कापतात. कटरला पाण्याची नळी लावली तर बहुतेक भुकटी जागीच बसते, पण तेवढेही कुणी करत नाही.

तीन वर्षांचे मूल मिनिटाला 20 ते 30 श्वास घेते, मोठा माणूस 12 ते 20. त्या वयात फुप्फुसातले वायुकोश अजून तयार होत असतात. 2.5 मायक्रॉनहून बारीक कण तिथवर पोचतात आणि वाटेत श्वासनलिकेचे अस्तर दुखावतात. कशाशी लढायचे आणि काय सोसायचे हे प्रतिकारशक्ती याच वयात शिकते. अस्तर सतत सुजलेले राहिले की ती झुरळाच्या विष्ठेवर, ओल्या भिंतीवरच्या बुरशीवरही तुटून पडू लागते. त्यातून पुढे दमा जडू शकतो.

‘मुलांनी धुळीत खेळावे, काटक होतात’ हे उत्तर आता देऊ नका. फिनलंडमध्ये बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली, तेव्हा 28 दिवसांत मुलांच्या रक्तात दाह आवरणाऱ्या यंत्रणेत सुधारणा दिसली. ती जिवंत माती होती. इथे उडते ती सिमेंट आणि सिलिकाची भुकटी, आणि होते तेवढे अंगणही आपण पेव्हर ब्लॉकखाली गाडले.

याच बारीक कणांसाठी (पीएम 2.5) जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा घनमीटर हवेत 15 मायक्रोग्रॅम, आपली 60. तीही सरासरी! शाळेच्या वेळेत पाडकामाचा हातोडा चालतो, तो तास त्या आकड्यात दिसतच नाही. आणि दमा जडल्यावर तरी काय? इनहेलर मिळाला तरी लहान मुलाला मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, लागतो : एक फवारा, पाच-सहा श्वास, मग दुसरा. स्पेसर नसेल तर बहुतेक औषध तोंडा-घशातच राहते. रात्री धाप लागलेले पोर घेऊन धावणाऱ्या बापाचा दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो, तो कोण भरून देणार?

कंत्राटदाराला नोटीस जाते, मुदत मिळते, मुदत वाढते. तोवर इमारत उभी राहते आणि मूल पहिलीत जाते. ही सगळी व्यवस्था बांधणाऱ्याच्या सोयीने चालते, श्वास घेणाऱ्याच्या नाही.

शाळा-बालवाड्यांलगतची पाडकामे शाळेच्या वेळेत बंद ठेवा. प्रत्येक सरकारी दवाखान्यात स्पेसर द्या. आणि ऑक्टोबर 2023 पासून धुळीमुळे किती कामे प्रत्यक्ष थांबवली, त्याची प्रभागनिहाय यादी जाहीर करा.

आपले,
मुंबईतील काही बालरोगतज्ज्ञ