आई, हे सूप थांबत नाही

विश्रामबाग, सांगली
११ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "तापातून उठल्यापासून यांचं जेवणावर मनच नाही. मऊ भातावर तूप घालून देते, तर दोन घास खातात आणि ताट सरकवतात." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच आहे. फोनवर सगळं सांगणं जमत नाही. बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई, तू "हो, हो, बघते" म्हणून फोन ठेवतेस. म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा, ती तोवर लसूण सोलत बसेल.

आमच्याकडे थंडीत मी कोळंबीचं आणि तांदळाच्या नूडल्सचं सूप करते. ते तुम्ही दोघांनी करून खावं असं मला मनापासून वाटतं. थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया या बाजूला तांदळाच्या नूडल्सची सुपं लोक सकाळच्या न्याहारीलासुद्धा खातात. माझे मोठे दीर जहाजावर स्वयंपाकघरात होते, त्यांनी मला हे शिकवलं. आई, तुला नाव परकं वाटेल, पण सामान बघ: तांदूळ, कोळंबी, आलं, लसूण, गवती चहा, हिरवी मिरची, लिंबू, मोड आलेले मूग. तुझ्या घरात नाही अशी एकच वस्तू, फिश सॉस, आणि तिच्यावाचून अडत नाही. ते पुढे सांगते.

आधी नूडल्सचं. तू माहेरून आणलेल्या साच्यातून शिरवाळे पाडायचीस ना, ते हेच. तांदळाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. तू ते नारळाच्या गोड रसात बुडवून द्यायचीस, तिकडे ते खारट-आंबट रश्श्यात घालतात, एवढाच फरक. साचा दाबायला बाबा लागायचे, उकडीचे गोळे गरम असतानाच दाबावे लागायचे आणि त्यांच्या कपाळावर घाम यायचा, हे मला अजून दिसतं. आता तो खटाटोप नको. वाळवलेल्या राइस नूडल्सची पाकिटं मिळतात. दोघांना १०० ग्रॅम पुरतात. बाबांना मैदा जड जातो, यात मैदा नसतो. आणि भिजल्यावर कात्रीनं दोन-तीन ठिकाणी कापल्या की कवळी लावूनही त्रास होत नाही.

आता कोळंबी. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिते, आईला यातलं काही सांगायची गरज नाही. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं, कवचाला चकाकी हवी. डोकं काळं पडलेलं असेल किंवा नाकात चढणारा उग्र वास असेल तर तशीच परत ठेवा. पाव किलो, मध्यम आकाराची, कवचासकट. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोळीण "साफ करून देऊ का?" म्हणत झरझर डोकी मोडून टोपलीत टाकायला लागते, तिला तिथेच थांबवा. डोकी आणि टरफलं वेगळ्या पिशवीत मागून घ्या. ती फुकट देईल. सुपाची सगळी चव त्या पिशवीत आहे.

आमच्याकडे रत्नागिरीकडची कोळंबी आंबा घाट चढून बर्फात येते. इथले बरेच जण डोकी टाकून देतात आणि मग चव येत नाही म्हणून मसाला वाढवत बसतात. मला ते बघवत नाही.

आई, आता कृती. कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढ, किंचित मीठ लावून बाजूला ठेव. टरफलं आणि डोकी एकदा धुवून चाळणीत निथळू दे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापलं की ती त्यात टाक आणि मोठ्या आचेवर परत. आधी करड्या टरफलांच्या कडेला नारिंगी डाग उठतात. मग मिशा कुरकुरीत होऊन तुटतात. डोकी झाऱ्याच्या पाठीनं दाब, आतलं सगळं तेलात उतरतं आणि तेल शेंदरी होतं. घरभर भाजलेल्या कोळंबीचा वास सुटतो. चार-पाच मिनिटं लागतात, घाई करू नकोस.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं शाळेत शास्त्र शिकवलंत, तुम्ही विचारणारच की रंग बदलतो कसा. तो लाल रंग कवचात आधीपासून असतो. अॅस्टाझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य आहे, गाजरातल्या कॅरोटीनच्या कुळातलं. कच्च्या कोळंबीत ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं आणि त्यामुळे निळसर-करडं दिसतं. उष्णतेनं प्रथिनाची घडी मोडली की रंग सुटा होतो. ते तेलात विरघळतं, म्हणून आधी तेलात परतायचं आणि मगच पाणी घालायचं. थेट पाण्यात टरफलं उकळली तर रस्सा फिका राहतो.

तर आता त्यात आलं, लसूण आणि गवती चहा. आल्याला तुमच्या सातारा जिल्ह्यात तोटा नाही, इंचभर तुकडा न सोलता ठेचून घाल. लसणाच्या चार पाकळ्या. मागच्या अंगणातल्या कुंडीतल्या गवती चहाची पात तू चहासाठी वरून कापतेस, सुपाला मात्र बुडखा घे, मुळाजवळचा पांढरट भाग. तो बत्त्यानं चेचला की चहात येतो त्याच्या दुप्पट वास येतो. काष्ठौषधींच्या दुकानात कोष्टकोळिंजन मिळालं तर त्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा टाक. थायलंडमध्ये त्याची ओली मुळी वापरतात. आपण लहानपणी घसा बसला की चघळायचो तेच ते. नाही मिळालं तर सोड.

मग एक लिटर पाणी. उकळी फुटली की गॅस बारीक कर, वर आलेला फेस काढ आणि वीस मिनिटं राहू दे. हाडांच्या रश्श्यासारखं तासन्‌तास उकळायचं नाही, टरफलं जास्त शिजली की रस्सा उग्र होतो. गाळणीतून गाळ आणि टरफलं चमच्यानं दाबून दाबून शेवटचा थेंब काढ. हातात नारिंगी, वासाचा, पातळ रस्सा येतो. एवढं जमलं की सूप झालंच म्हणायचं.

मिठाबद्दल मात्र नीट ऐक. तिकडे यात फिश सॉस घालतात. लहान मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून त्याचा अर्क काढतात. चव छान येते, पण तो फार खारट असतो. सोया सॉसचंही तेच, एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे मीठ ५ ग्रॅमहून कमी. बाबांची रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे ते सॉस नकोच. त्याऐवजी मालवणहून आलेले सोडे आहेत ना तुझ्या बरणीत, ते मूठभर धुवून टरफलांबरोबरच रश्श्यात टाक. तिकडेही सुकवलेली कोळंबी घालतातच. तीच खोल चव येते आणि मीठ तुझ्या हातात राहतं. कमी मीठ लिंबानं झाकलं जातं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाही मी सोड्यांवरच भागवते.

डॉक्टरांनी बाबांना प्रथिनं वाढवायला सांगितली आहेत. सोललेल्या १०० ग्रॅम कोळंबीत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात. वरण-भाताला हात न लावणारा माणूस निदान एवढं घेईल.

नूडल्स उकळायच्या नाहीत. खोलगट भांड्यात ठेवून वरून कढत पाणी ओत आणि झाकण ठेव. बारीक असतील तर चार-पाच मिनिटांत होतात. एक काढून दाताखाली धरून बघ, मऊ झाली पण पीठ झाली नाही, तिथेच पाणी काढून टाक. गाळलेला रस्सा पुन्हा उकळीला आण, त्यात कोळंबी सोड आणि दोन मिनिटांत गॅस बंद कर. कोळंबी अर्धगोल वळली की झाली, पूर्ण वेटोळं होईपर्यंत थांबलीस तर ती चिवट होते आणि बाबा ती ताटाच्या कडेला काढून ठेवतील. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळ. वर कांद्याची पात, कोथिंबीर, मोडाचे मूग वाफवून, आणि मिरचीचे दोन काप फक्त तुझ्या वाडग्यात. सब्ज्याचं रोप आहे ना तुळशीशेजारी, त्याची पानं चुरडून टाकलीस तर अगदी तिकडचा वास येतो.

आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिते आहे ते सांगते.

आई, तुझी सवय मला ठाऊक आहे. बाबांना वाढायचं, मग त्यांना गरम पोळी, मग त्यांच्या गोळ्या, मग दूध विरजायचं, ओटा पुसायचा, आणि सगळं गार झाल्यावर उरलेलं तू ओट्यापाशी उभ्यानं खायचं. या सुपात ते चालत नाही. नूडल्स रश्श्यात पडल्या की रस्सा पीत राहतात. पंधरा मिनिटांनी वाडग्यात रस्सा उरत नाही आणि नूडल्स फुगून लगदा होतात. पुन्हा गरम केलं तर कोळंबी चिवट होते. म्हणून दोन वाडगे शेजारी शेजारी ठेव, दोन्हीत नूडल्स आधीच वाटून घे आणि उकळता रस्सा दोन्हीत एकदमच ओत. मग दोघांनी लगेच बसायचं. ओटा नंतर.

बाबा, तुम्हालाही सांगते. आई समोर बसल्याशिवाय चमचा उचलू नका. तुम्ही तिची वाट बघताय हे दिसलं तर ती बसेल, नाहीतर बसणार नाही. गेल्या वर्षभरात तिचं वजन किती उतरलं ते तिच्या बांगड्यांवरून कळतं, त्या कोपरापर्यंत सरकतात आता. तुम्ही आजारी होतात म्हणून सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे होतं, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मला तुमच्या दोघांचीही काळजी वाटते, आणि तिची जास्त, कारण ती बोलत नाही.

आणि तुमच्या कात्रणांच्या वहीसाठी एक. थायलंडचं 'तोम यम कुंग' हे कोळंबीचं आंबट-तिखट सूप २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यात नूडल्स नसतात, पण गवती चहा, मिरची आणि लिंबू तेच.

पुढे कधी बाबांना आंबटाची इच्छा झाली तर लिंबाऐवजी आमसूल घालून बघ. हे मी मनाचं सांगत नाही. मलेशियात पेनांगला 'असाम लक्सा' नावाचं नूडल्सचं सूप करतात, त्यात आंबटपणासाठी कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या वाळवलेल्या फोडी टाकतात, आणि मासा असतो बांगड्याच्या जातीचा. तुला हे वाचून बरं वाटेल. नारळाचं दूध घालून दाट करायचा प्रकारही आहे, त्याच्या वाटणात ओली हळद असते. तो तूर्तास नको, बाबांचं पोट अजून हलकं आहे.

रविवारी हे कामासाठी साताऱ्याला येणार आहेत. त्यांच्याबरोबर नूडल्सची पाकिटं, बाजारातून आणलेली ताजी ओली हळद लोणच्यासाठी, आणि बाबांसाठी तासगावचे बेदाणे पाठवते. एक मोठी गाळणीही देते, तुझ्या जुन्या गाळणीची जाळी फाटली आहे. कोळंबी तिथेच ताजी घ्या. बुधवारी करा, गुरुवारी आईचा वार असतो. बाबा पिशवी घेऊन बाजारापर्यंत चालत गेले तर तेवढंच पाय मोकळे होतील, पण येताना रिक्षा करा, थंडी आहे.

जेवण झालं की फोन करा. बाबांनी किती खाल्लं ते आईनं सांगायचं, आणि आई केव्हा जेवायला बसली ते बाबांनी.

तुमची लेक