कॅरमच्या टेबलासाठी सुतारकाकांचे जाहीर आभार

ती. सुतारकाका यांस,
सा. न. वि. वि.

आजोबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही भावंडांनी घरी केलेलं कॅरमचं टेबल काटकोनात आणि न डुगडुगता उभं आहे, ते तुमच्यामुळे. असं टेबल करू पाहणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे आभार मापांसकट मांडतो आहोत.

पहिले आभार लाकडाच्या निवडीबद्दल. साग पायांना उत्तम, पण चौकटीला लावला तर स्ट्रायकरच्या माऱ्याने त्याला खळगे पडतात. म्हणून चौकटीसाठी तुम्ही बाभूळ घ्यायला लावलीत, तीही पुरती वाळलेली. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे कोपऱ्यातला ४५ अंशांचा सांधा आतल्या बाजूने, नेमका पॉकेटपाशी उघडतो. नुसत्या फेविकॉलच्या भरवशावर न राहता प्रत्येक सांध्यात ६ मि.मी. प्लायची जीभ, म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या खाचांत जाणारी चकती, बसवायला सांगितलीत, ती यासाठीच.

मापं अशी: खेळायची जागा ७४ सें.मी. चौरस, चौकट ७ सें.मी. रुंद आणि प्लायच्या वर २ सें.मी. उंच. स्पर्धेच्या नियमांत ८ मि.मी. प्लायही चालतो, पण १२ मि.मी.चा मधोमध कमी झोळतो. तो ७६ सें.मी. चौरस कापायचा, म्हणजे चारी बाजूंनी १ सें.मी. चौकटीच्या खाचेत जातो. पॉकेटचा व्यास ४.४५ सें.मी., स्ट्रायकरचा जास्तीत जास्त ४.१३, मोकळीक जेमतेम ३ मि.मी.! म्हणून ४४ मि.मी.ची होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वापरून उरलेलं गोल कानशीने काढायचं. भोकाचा मध्य प्लायच्या दोन्ही कडांपासून ३.२ सें.मी.वर. भोकं चौकट बसवण्याआधीच पाडायची, नाहीतर होल सॉ चौकटीला घासते. वरून अर्धं भोक झालं की प्लाय उलटा करून खालून पुरं करायचं. एकाच बाजूने आरपार गेलं की पलीकडचा पापुद्रा उचकटतो.

गुण्या (काटकोन पाहायचं हत्यार) कोपरा तपासतो, पण लांब पट्टीतला बाक त्यात दिसत नाही, हे तुम्ही दाखवलंत ते फार मोलाचं. क्लॅम्प आवळल्यावर, फेविकॉल ओला असतानाच, दोन्ही कर्ण मोजायचे. आतून ते १०४.६५ सें.मी. यायला हवेत आणि मुख्य म्हणजे एकसारखे. कर्णांत फरक राहिला तर रिबाउंड चुकतो आणि चांगला खेळाडूही स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

घासकामात घाई चालत नाही. १२०, मग १८०, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. मग सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा, एक पातळ हात, आणि तो खालच्या बाजूलाही. खालची बाजू दिसत नाही म्हणून बहुतेक जण कोरडी सोडतात. पावसाळ्यात मग तीच बाजू दमट हवा पिते आणि बोर्डाला पोट येतं. टेबल कोकणातल्या घरात राहणार आहे, त्यामुळे ही एक सूचना बाकी सगळ्यांच्या तोडीची होती. रेघा सीलर सुकल्यावरच मारायच्या, कारण कोऱ्या प्लायवर शाई लाकडाच्या रेषांतून फुटते. बेसलाइन चौकटीपासून १०.१५ सें.मी.वर, लांबी ४७. मधलं मोठं वर्तुळ १७ सें.मी. व्यासाचं. त्यावर लॅकरचे पातळ हात, दोन हातांमध्ये ३२० चा पेपर.

स्टँड वेगळा ठेवायचा निर्णयही तुमचाच. सागाचे ५ × ५ सें.मी.चे पाय चौकटीच्या कोपऱ्याखाली बरोबर मावतात आणि जाळ्यांना जागा मोकळी राहते. उंची ६३ ते ७० सें.मी.च्या आत. पायांना स्क्रूचे लेव्हलर हवेतच, कारण घरातली फरशी सहसा एका पातळीत नसते. पाणसळ आधी एका बाजूला समांतर, मग तिला काटकोनात ठेवून पाहायची.

बोरिक पावडर कोरड्या सुती कापडानेच पुसायची, हे आजोबांना बजावलं आहे. इतकं सगळं शिकवून तुम्ही मजुरी घेतली नाहीत, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. गणपतीला घरी या, पहिला ब्रेक तुमचा.

आपली,
आजोबांची नातवंडं