तीसपैकी तीस, आणि तरीही

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ताणातून येणारा थकवा आणि विस्मरण यांवरचा लेख वाचला. रुग्ण सांगतात तेवढं विस्मरण चाचण्यांत दिसत नाही, इथवर मान्य. निराश माणसाला आपण आहोत त्याहून जास्त विसराळू वाटतो, हेही खरं. पण त्यावरून 'हे बव्हंशी मनाचे खेळ' हा निष्कर्ष लेखकमहाशयांनी कुठल्या चाचणीतून काढला, तेवढं कळलं तर बरं होईल.

माझी धाकटी बहीण या आजारातून गेली आहे. डॉक्टरांनी तिला आजची तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिला तीसपैकी तीस गुण! 'तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे,' असं म्हणून डॉक्टर हसले. घरी आल्यावर ती संध्याकाळपर्यंत उठली नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? पुढच्या भेटीची वेळ तिनेच ठरवली होती आणि ती साफ विसरली. त्यावर 'रुग्णाला उपचारात रस नाही' असा शेरा! म्हणजे चाचणीत विसरली नाही म्हणून आजार नाही, आणि खरोखर विसरली तर स्वभाव वाईट.

ही तीस गुणांची चाचणी १९७५ सालची, मुख्यतः स्मृतिभ्रंशाच्या चाळणीसाठी वापरतात ती. शांत खोली, एका वेळी एकच प्रश्न, उत्तराची वाट पाहणारा माणूस समोर. कामावर असं कोण बसू देतं? तिथे फोन वाजतो, मेल येतो, कुणीतरी मधेच काही विचारतं आणि हातातलं अर्धं काम डोक्यातून निसटतं. 'हे दुपारी करायचंय' ते दुपारी आठवतच नाही. तक्रार नेमकी याची असते, तीन शब्दांची नसते. स्वीडनमध्ये या थकव्याला २००५ पासून स्वतंत्र निदान आहे आणि त्याच्या लक्षणांत एकाग्रतेच्या व स्मरणाच्या अडचणी स्पष्ट लिहिल्या आहेत. तिथल्या डॉक्टरांनाही मनाचे खेळ कळत नसावेत.

शिवाय लेखाशेजारी चौकट: 'रोज शब्दकोडं सोडवा, मेंदू तल्लख ठेवा.' जिला दोन ओळींची चिठ्ठी वाचून थकायला होत होतं, तिला हे वाचून दाखवण्याचं धाडस मला झालं नाही.

आणि जाता जाता, लेखाखाली 'उर्वरित मजकूर पान ७ वर' असं छापलं होतं. पान ७ वर पूर्ण पान जाहिरात आहे. उरलेला मजकूर छापायचा राहिला असेल, तर येत्या अंकात द्यावा. उपचारांबद्दल त्यात काही असलं तर मला ते वाचायचं आहे.

आपली,
एक नियमित वाचक